हातानं लावलेली मशिनं

मला तिचा हेवा वाटायचा, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे तिच्याबद्दल माझ्याकडून काही वाकडं लिहिलं गेलं, तर वाचणाऱ्यानं त्यातलं थोडं वजा करून घ्यावं. सगळं वजा करू नये. ती थोडी आगाऊ होतीच.

अलिबागला इंटरनेट पुरवणारी एक लहानशी कंपनी आहे, तिथं मी नोकरीला आहे. मालक पूर्वी केबल टीव्हीच्या तारा ओढायचे. माडावर चढून स्वतः तार बांधलेला माणूस. पुढे लोकांना टीव्हीपेक्षा फोन प्यारा झाला, तसे मालकही इंटरनेटकडे वळले. उरणपासून खाली दिघीपर्यंत आमची केंद्रं आहेत. केंद्र म्हटलं की लोकांना वाटतं काचेच्या भिंती आणि गार हवा. आमचं केंद्र म्हणजे कुणाच्या घराची पडवी, कुणाच्या किराणा दुकानामागची खोली. तिथं एक लोखंडी कपाट, बॅटऱ्या, घों घों करणारा पंखा, आणि कपाटात आमचा डीएनएस सर्व्हर.

हा सर्व्हर म्हणजे पत्ता सांगणारा माणूस. एसटीतून उतरून थांब्यावर ‘अमक्यांची वाडी कुठं हो?’ असं विचारलं की कुणीतरी ‘पिंपळापासून आत वळा’ म्हणून सांगतो ना, तसा. तुम्ही फोनवर नाव टाकता, तो त्या नावाचा आकडी पत्ता काढून देतो. आता नावं नवी येतात, पत्ते बदलतात. ते त्याला दर वेळी त्याच्या समोर जाऊन सांगणं शक्य नाही. म्हणून त्याला एक खिडकी बसवायची. अलिबागच्या ऑफिसातून आम्ही त्या खिडकीत निरोप द्यायचा, त्यानं तो घ्यायचा. या खिडकीला वेब एपीआय म्हणतात. ती बसवायची म्हणजे नुसती भिंत फोडायची नाही. कडी लावायची, चावी बनवायची, कुणाला उघडायची आणि कुणाला नाही ते ठरवायचं, शेवटी आपणच बाहेरून टकटक करून बघायचं. एक पायरी चुकली की खिडकी एकतर सताड उघडी राहते, नाहीतर कायमची बंद.

हे काम माझं होतं. मी प्रत्येक केंद्रावर जाऊन, त्या मशीनसमोर बसून, हातानं करायचे. कागदावर काही लिहिलेलं नव्हतं, सगळं बोटांत होतं. माझी आई पुरणपोळीचं प्रमाण कधी मोजत नाही, तसंच.

आणि मला ते फिरणं आवडायचं. नुसतं आवडायचं नाही, मी त्यावर जगायचे. आमच्या घरची वाडी आहे, नारळ-सुपारीची, रेवदंड्याच्या अलीकडे. घरातल्या बायका शिकलेल्या, पण शाळेत शिक्षिका नाहीतर कचेरीत कारकून, यापलीकडे कुणी गेली नव्हती. आणि मी पाठीला बॅग लावून मशिनं लावत फिरायचे. जाईन तिथं माझी वाट बघितलेली असायची. किहीमला आमचं केंद्र एका निवृत्त गुरुजींच्या घरात आहे. पुढे त्यांचं राहतं घर, मागे माडांत पर्यटकांना भाड्यानं दिलेल्या खोल्या. मी फाटकाशी आले की गुरुजी आत हाक द्यायचे, ‘अगं, मॅडम आल्या, कॉफी टाक.’ जायफळ घातलेली कॉफी यायची. दिघीला चाचा होते. घर खाडीच्या पलीकडे आगरदांड्याला, रोज फेरीबोटीनं यायचे-जायचे. माझ्यासाठी खुर्ची झटकून ठेवायचे आणि मी मांसमच्छी खात नाही म्हणून स्वतःचा डबा घेऊन बाहेरच्या ओट्यावर जेवायला जायचे. इतका मान मला माझ्या घरीसुद्धा मिळत नाही.

माझा हात चांगला आहे म्हणून हे सगळं मिळतं, असं मी धरून चालले होते.

मग ती आली.

उरणकडच्या एका कोळीवाड्यातली. घरची बोट, आई मासळी वाळवणारी, ही नवी मुंबईत इंजिनिअर झालेली. माझ्याहून लहान, पण लहान म्हणून लाडावून घ्यावं अशी नाही. आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. बोलताना अर्धं मुंबईचं हिंदी आणि रंगात आली की घरची बोली. पहिल्याच आठवड्यात ती मालकांना म्हणाली, ‘सर, ये चहा हाय का गरम पानी?’ आणि मालक हसले. मी तिथं इतकी वर्षं तोच चहा गुपचूप पीत होते.

तोवर ठीक होतं. एक दिवस ऑफिसात मी एका नव्या मशीनवर खिडकी बसवत होते आणि ती शेजारी येऊन बसली. हे का करता, ते का करता, सारखे प्रश्न. मी सगळं सांगितलं. हातचं राखून ठेवणं माझ्या स्वभावात नाही, शिवाय कुणीतरी इतक्या बारकाईनं विचारतंय याचं मला बरंच वाटत होतं. शेवटी मी बाहेरून टकटक करून दाखवली, खिडकी उघडली. ती पडद्याकडे बघतच राहिली. मला वाटलं, भारावली.

ती म्हणाली, ‘ताई, हे दर वेळी सेमच करता?’

‘हो. अगदी तसंच. एक अक्षर इकडचं तिकडे होत नाही.’

‘मग तुम्ही कशाला करता?’

तिच्या प्रश्नात काही खोच नव्हती, हे मला तेव्हाही कळत होतं. म्हणूनच तर जास्त झोंबलं.

थोड्याच दिवसांत तिनं स्क्रिप्ट लिहिली. मी जे बोटांनी करायचे ते सगळं तिनं ओळीनं लिहून काढलं होतं. केंद्रावरच्या माणसानं फक्त मशीनला वायर लावून बटण दाबायचं. बाकी ही अलिबागला बसून एक हुकूम सोडणार आणि स्क्रिप्ट त्या मशीनमध्ये शिरून कडी, चावी, परवानग्या, टकटक, सगळं आपलं आपण उरकणार. तिनं मालकांना ते करून दाखवलं तेव्हा मीही उभी होते. पडद्यावर हिरव्या ओळी भराभर खाली उतरत गेल्या. त्यातल्या प्रत्येक ओळीला मी ओळखत होते. एकाही ओळीला माझी गरज नव्हती.

मालकांना आनंद मावेना. ‘आपण कप उचलून तोंडाला लावेपर्यंत झालं की हो, मॅडम!’ हे मला सांगत होते. मी म्हटलं, ‘उंटावरून शेळ्या हाकणं आहे हे. केंद्रावर गेल्याशिवाय कळतं का काही?’ मालक म्हणाले, ‘शेळ्या चालल्या म्हणजे झालं.’

त्या रात्री घरी नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, ‘बरं झालं, तुझी दगदग वाचली.’ पोटात दुखतंय म्हणून सांगावं आणि समोरच्यानं जेवणाचं ताट पुढे करावं, तसं झालं. मी विषय बदलला.

खरं संकट पुढे होतं. पावसाळ्यानंतर श्रीवर्धनच्या बाजूला आमची नवी केंद्रं निघणार होती. मालकांनी आम्हा दोघींना समोर बसवलं. म्हणाले, ‘ही मशिनं हातानं लावायची की हिच्या स्क्रिप्टनं, ते आपण आधी जुन्या केंद्रांवर बघू. तिथली सगळी खिडकी-बिडकी पुसून स्क्रिप्टनं नव्यानं बसवा. सगळीकडे नीट बसली, तर मॅडम, तुमचं फिरणं बंद. तुम्ही इथं पंख्याखाली बसा, कंप्लेंटचे फोन बघा.’ हे त्यांनी बक्षीस दिल्यासारखं सांगितलं. मला बांगड्या भरून घरात बसवत होते आणि वर मी आभार मानावेत असा चेहरा.

तिनं उरणच्या बाजूपासून सुरुवात केली. बसली. रेवदंडा, बसली. मुरूड, बसली. किहीम अलिबागच्या उंबऱ्याशी, म्हणून शेवटी ठेवलं होतं. प्रत्येक वेळी ती खुर्ची गर्रकन फिरवायची आणि टाळी मागायची. मी टाळी द्यायचे. देताना मनात म्हणायचे, कुठंतरी अडकू दे. देवापुढे नाही म्हटलं, पण म्हटलं.

दिघीला अडकली.

त्या दुपारी मला डब्यातली दुधी भोपळ्याची भाजीसुद्धा गोड लागली.

अडचण अशी होती की दिघीचं मशीन तिला आतच घेईना. बाहेरून आमच्या मशिनांत शिरायला एक कोड लागतो. बँकेचा येतो तसला, दर थोड्या वेळानं बदलणारा. इथल्या फोनवर दिसणारा कोड आणि तिथल्या मशीननं मनात धरलेला कोड जुळला तर दार उघडतं. दिघीचं मशीन म्हणत होतं, कोड चूक. पुन्हा टाकला, चूक. तिनं चाचांना फोन करून मशीन बंद-चालू करायला लावलं, तरी चूक. ती हुशारच, तिला लगेच शंका आली.

‘चाचा, मशीनचं घड्याळ बरोबर हाय ना?’

‘बिल्कुल बरोबर, बेटा,’ चाचा म्हणाले. ‘खुदा कसम, एकदम करेक्ट.’

झालं. घड्याळ बरोबर, कोड बरोबर, आणि दार बंद. मालक माझ्याकडे वळले. ‘मॅडम, तुम्ही जाता का?’ हे वाक्य ऐकायला मी किती दिवस कान लावून बसले होते! मी ‘जाते’ म्हणणार तेवढ्यात ते म्हणाले, ‘हिलाही घेऊन जा.’

तिच्याच स्कूटरवरून गेलो. मी मागे, बॅग मांडीवर. रेवदंड्याचा पूल, काशीद, मुरूड, सगळा रस्ता माझ्या पायाखालचा, पण मागच्या सीटवर बसून बघितला की रस्ता दुसऱ्याचाच वाटतो. आगरदांड्याला फेरीबोटीत स्कूटर चढवताना बोटीवरच्या माणसांशी ती अशी बोलत होती, जणू कालच भेटली होती. एकानं तिच्या गावाचं नाव विचारलं, दुसऱ्यानं तिच्या वडिलांच्या बोटीचं. मी इतकी वर्षं त्या बोटीतून जातेय. मला कुणी ‘बसा मॅडम’ यापलीकडे काही बोललेलं नाही.

दिघीत चाचा दारातच उभे. माझी खुर्ची झटकलेली. मी मनात म्हटलं, बघ, हे आहे माझं. आणि चाचा तिच्याकडे बघून म्हणाले, ‘तू फलाण्याची पोर ना? अगं, तुझा बाप वादळात इथं खाडीत बोट लावून आमच्या घरी राहिलाय!’ मग काय विचारता. कुणाच्या बोटीचं इंजिन गेलं, कुणाची जाळी फाटली, यंदा बांगडा आलाच नाही. मी झटकलेल्या खुर्चीत बसून होते.

जेवायची वेळ झाली. चाचा डबा घेऊन ओट्यावर जायला उठले, माझ्याकडे बघून, सवयीनं. ती म्हणाली, ‘चाचा, काय हाय डब्यात?’ चाचा म्हणाले, ‘सुरमई.’ ‘मग बाहेर कुठं चाललाव?’ आणि दोघं माझ्या समोरच टेबलावर बसले. एकाच झाकणातून खाल्लं. मला केळी दिली होती. मी केळं सोलत होते आणि मला त्या माशाचा हेवा वाटत होता, जो मी जन्मात तोंडात घातला नाही.

मग मी उठून मशीनसमोर बसले. मशीनला जोडलेला पडदा चाचांच्या टेबलावरच असतो. मी कीबोर्ड ओढला आणि नेहमीसारखं पहिलं काम केलं. बोटांनी केलं, मी केलंसुद्धा म्हणत नाही.

ती हात धुऊन येत होती, थांबली. ‘ताई, हे आता काय केलंत?’

‘काय केलं?’

‘आत्ता, पहिल्यांदा.’

मी पडद्याकडे बघितलं. मग माझ्या लक्षात आलं. ‘घड्याळ मागे घेतलं. इथलं नेहमीच पुढे असतं.’

‘चाचा तर बरोबर म्हणाले!’

चाचा बोटं पुसत आले. त्यांना यात गोंधळण्यासारखं काहीच दिसेना. ‘बरोबरच हाय की. मला शेवटची बोट गाठायची असते. वक्तावर ठेवलं तर मी निघतो आणि बोट सुटलेली. म्हणून जरा पुढे. माझं घरचं पण पुढे, मशिदीजवळच्या दुकानातलं पण पुढे. दिघीत असंच बरोबर असतं.’

मशीन आपणहून घड्याळ जुळवून घेतं, ते चाचांनी बंद करून ठेवलं होतं, कारण त्यांचं घड्याळ सारखं मागे जायचं. मी दर खेपेला येऊन ते मागे घ्यायचे, मी गेले की चाचा परत पुढे करायचे. आमच्यात यावर कधी एक शब्द झाला नव्हता. मी समोर बसून काम करायचे, मला कोड लागायचाच नाही, त्यामुळे कधी काही अडलं नाही. वाकडी तसबीर दिसली की हात आपोआप सरळ करतो, तेवढंच ते माझ्या लेखी होतं. तिनं त्या दिवशी सगळं विचारलं तेव्हा हे सांगायचं राहिलं, कारण मी हे करते हे मलाच ठाऊक नव्हतं.

खरं सांगते, त्या क्षणी मला एवढा आनंद झाला की तो तोंडावर दिसू नये म्हणून मी पाणी प्यायले. हे स्क्रिप्टला कुठं कळणार होतं? यासाठी माणूस लागतं. यासाठी इथं यावं लागतं. मी मालकांना काय सांगायचं ते शब्दसुद्धा जुळवायला लागले.

ती मात्र मांडीवर लॅपटॉप घेऊन खाली लादीवर बसली होती. म्हणाली, ‘चाचा, बोटीच्या किती आधी निघता?’ त्यांनी सांगितलं. तिनं काहीतरी लिहिलं आणि पडद्याच्या कोपऱ्यात एक मोठं घड्याळ उमटलं, चाचांच्या मनासारखं पुढे असलेलं. मशीनच्या पोटातलं घड्याळ वेगळं, खऱ्या वेळेचं, ते आता कुणाला हलवता येणार नव्हतं. ‘हे तुमचं, ते मशीनचं. भांडण न्हाय.’ मग तीच गोष्ट तिनं स्क्रिप्टमध्येही घातली. केंद्रावर बटण दाबलं की मशीननं कोड विचारायच्या आधी आपलं घड्याळ जुळवायचं, म्हणजे यापुढे कुठंही, कुणीही घड्याळ पुढे केलेलं असलं तरी अडणार नाही.

चाचांनी त्या मोठ्या घड्याळाकडे बघितलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

इतक्या वर्षांत मला हे सुचलं नव्हतं. मी फक्त त्यांचं घड्याळ खोटं ठरवून जात होते. मला तिचा एवढा राग आला की डोळ्यांत पाणी आलं आणि मी पंख्याकडे तोंड करून उभी राहिले.

परतीच्या बोटीत आम्ही कठड्याशी उभ्या होतो. मला एक गोष्ट काढून घ्यायची होती. मला वाटत होतं, ही स्क्रिप्ट तिनं कुठून तरी उचलली असणार. तेवढा एक आधार उरला होता. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, ‘तुला हे सगळं लिहायचं डोक्यात कसं आलं गं?’

ती हसली. ‘सांगू? तुमच्या त्या किहीमच्या गुरुजींमुळं.’

‘गुरुजींनी सुचवलं?’

‘न्हाय हो! मी नवीन होते ना, तुम्ही रजेवर होतात. सर बोलले, किहीमचं मशीन बदलून ये. मशीन स्कूटरवर न्यायचं कशात? आमच्या घरी बोटीवरचे मासळीचे निळे क्रेट पडलेत, त्यात फिट बसतं. धुवून, गादी घालून, दोरीनं बांधून नेलं. फाटक उघडते तोच गुरुजी ओट्यावरून ओरडले, ‘ए बाई, आज नको! आमच्यात नाही चालत. मागच्या दारानं जा, खोल्यांवरच्या पाहुण्यांना विचार.’’

ती गुरुजींची नक्कल छान करत होती. मला हसू आलं आणि अर्ध्यात थांबलं.

‘मग?’

‘मग काय. बोलले, मशीन लावायला आलेय. तर बोलले, कोण पाठवलं, मॅडम कुठायत? सरांना फोन लावला. तोवर मी फाटकाबाहेर, क्रेट घेऊन. मग आत घेतलं, पण क्रेट बाहेरच ठेवायला लावला. मशीन हातात धरून आत नेलं. मी काम करत होते तर ते दाराशी उभे, काय उचलते का बघायला.’ तिनं वाऱ्यानं तोंडावर आलेले केस मागे सारले. ‘घरी येऊन आईला बोलले, आई मना न्हाय जायाचं परत. आई बोलली, मग न जाता कर. मग केलं. न जाता.’

बोट आगरदांड्याला लागत होती. तिनं स्कूटरला किक मारली आणि ‘चला ताई’ म्हणाली. तिला हे सांगून काही मिळवायचं नव्हतं, एक गंमत म्हणून तिनं सांगितली होती. मी मागे बसले. मला काहीतरी बोलायला हवं होतं. मुरूड गेलं, काशीद गेलं. त्यातही मनाच्या कुठल्या कोपऱ्यात एक हलकट आवाज म्हणत होता की गुरुजींनी निदान ‘मॅडम कुठायत’ असं विचारलं होतं. मी त्या आवाजाला गप्प करू शकले नाही.

दुसऱ्या दिवशी दिघीची खिडकी ऑफिसातून पहिल्या फटक्यात बसली. आता फक्त किहीम उरलं होतं. मालक माझ्या टेबलाशी आले. म्हणाले, ‘मॅडम, तुम्ही यातल्या जुन्या. सरळ सांगा. हिच्या स्क्रिप्टमध्ये काही कमी आहे का? तुम्ही म्हणालात तर नव्या केंद्रांवर तुम्हालाच पाठवतो.’

मालक हे मनापासून विचारत होते. मी काहीही सांगितलं असतं तरी त्यांना खरं वाटलं असतं. ती तिच्या खुर्चीत माझ्याकडे बघत होती, पहिल्यांदाच न हसता. मला श्रीवर्धनचा रस्ता दिसत होता, नव्या पडव्या, नवे ओटे, ‘मॅडम आल्या’ अशी आत जाणारी हाक. मला ते सगळं हवं होतं. आजही हवं आहे.

‘नाही,’ मी म्हटलं. ‘काही कमी नाही. माझ्यापेक्षा नीट आहे.’

मालक ‘मग लाव किहीम’ म्हणाले आणि आपल्या खोलीत गेले. तिनं हुकूम सोडला. त्या ओळी मी पाठ म्हणू शकते. शेवटची ओळ हिरवी झाली आणि तिनं टाळी मागितली. मी दिली, या वेळी मनात काही न म्हणता.

जरा वेळानं माझ्या टेबलावरचा फोन वाजला. हा आता कंप्लेंटचा फोन होता, म्हणजे माझाच. पलीकडे गुरुजी.

‘मॅडम, कमाल झाली! दिवे आपोआप लुकलुकले, चालू झालं. मी इकडे तुमची वाट बघतोय. येणार नाही का तुम्ही?’

‘आता यायला नको, गुरुजी. इथूनच होतं.’

‘असं? कुणी केलं हे?’

‘आमच्याकडची इंजिनिअर आहे. तुमच्याकडे येऊन गेलीय. निळा क्रेट घेऊन.’

गुरुजी म्हणाले, ‘ती होय? अरे वा. हुशार आहे म्हणायची.’ आणि आवाज खाली आणून, घरच्या माणसाशी बोलावं तसं, ‘खरं सांगू का, बरं झालं. आता तिला इथं यायला नको. तुम्ही आलात की कसं, आपल्यातलं माणूस घरात आल्यासारखं वाटतं हो. तुमची उणीव भासेल आम्हाला.’

माझी उणीव भासेल, हे कुणीतरी म्हणावं म्हणून मी इतके महिने जळत होते. ते गुरुजींनी म्हटलं. मला वाटत होतं माझा हात बघून माझी वाट बघतात. त्या हाताचं नावसुद्धा त्यांनी काढलं नव्हतं.

मी ‘ठेवते’ म्हटलं आणि ठेवला. समोरून ती मान उंचावून विचारत होती, ‘काय बोलले ताई? झालं ना नीट?’

‘दिवे लागले म्हणाले,’ मी म्हटलं.

‘बस, एवढंच?’

‘एवढंच.’